केवड्याच्या पानाचा मान

बालमित्रांनो, आधीच हात जोडतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. सातवीनंतर माझी शाळा सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिले, माझ्याबरोबर घरी आले नाहीत. मी जाळी विणतो. जाळ्यात गाठ चुकली तर मासा निसटतो, म्हणून गाठ मी नीट मारतो; लिहिताना चुकलं तर काय निसटतं ते मला कळत नाही. शब्दही साधेच आहेत. तुमच्या घरी कोणी शिकलेलं असेल तर त्यांनी चुका सुधारून वाचून दाखवावं, मला राग येणार नाही.

ही गोष्ट मी पहिल्यांदा आमच्या वाडीतल्या मुलांना देवळाच्या पायरीवर बसून सांगितली. त्या दिवशी दुपारी भोंग्याची गाडी येऊन सांगून गेली होती की समुद्रात मोठं वादळ उठलं आहे, उद्या संध्याकाळपर्यंत ते आपल्या किनाऱ्यावर येईल, तेव्हा सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत राहायला जावं. मोठी माणसं देवळात सभेला बसली. जायचं हे सगळ्यांना मान्य होतं, तरी सभा काही संपत नव्हती. का, ते शेवटी सांगतो. बाहेर पोरांनी दंगा मांडला होता, म्हणून आतून कोणीतरी ओरडलं, "अरे काशा, त्या पोरांना जरा गप्प बसव!" मला चारचौघांत बोलता येत नाही, पण पोरांसमोर येतं. तेव्हा ऐका.

जिथे खाडी समुद्राला मिळते आणि वाळूच्या कडेला केवड्याचं बन आहे, तिथे शंखात घर करून राहणारा एक खेकडा राहत असे. शंख त्याचा स्वतःचा नव्हता. कोणीतरी सोडून दिलेला होता आणि त्याच्या मापाला थोडा मोठाच होता, त्यामुळे चालताना खेकडा डावीकडे वळला तरी शंख थोडा वेळ उजवीकडेच जात राही. खेकडा स्वभावाने फार भिडस्त. कोणी नुसतं "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारलं तरी तो झटकन आत जाई आणि आतून "हो" म्हणे. ते "हो" बाहेर येईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असे.

त्या किनाऱ्यावर आणखीही मंडळी होती. केवड्याच्या बनात एक कोल्हा राहायचा, त्याला आपल्या आवाजाचा अभिमान होता. खडकाच्या कपारीत एक घोरपड राहायची, तिला आपल्या घराण्याचा अभिमान होता. खाडीकाठच्या बिळात एक पाणमांजरीण आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहायची. पिल्लं अजून पोहायला शिकली नव्हती, त्यामुळे तिला कसलाच अभिमान बाळगायला सवड नव्हती. उथळ पाण्यात एका पायावर बगळा उभा असायचा. वस्तीचे सगळे नियम त्याला पाठ होते. आणि सुरूच्या झाडाच्या शेंड्यावर कावळा असायचा. त्याला सगळ्यांच्या घरचं सगळं पाठ होतं.

या वस्तीची एक रीत होती. दर वर्षी मोठ्या उधाणाची भरती आली की सगळी वस्ती टेकडीवरच्या कातळावर जायची, आणि जायची ती रांगेने. रांगेच्या पुढे मानकरी चालायचा. त्याच्या तोंडात केवड्याचं पान असायचं. पानामागे बाकीचे आपापल्या मानाने, आणि सगळ्यांच्या शेवटी आपला खेकडा. नियम एकच, पण कडक होता : पानाच्या पुढे कोणी पाऊल टाकायचं नाही. जो टाकेल तो वस्तीतून बाद.

कितीतरी वर्षं हे पान एका म्हाताऱ्या रानडुकराकडे होतं. गेल्या पावसाळ्यात तो वारला. त्याच्या मागे कोणी नव्हतं. म्हणजे मागे चालायला सगळेच होते, पण पुढे व्हायला कोण, हे ठरवून द्यायचं तो विसरला.

एके दिवशी सकाळी कावळा ओरडत खाली आला. "ऐकलं का? ऐकलं का? खोल समुद्रावरचे पक्षी थव्याने जमिनीकडे निघालेत! मी त्यांना विचारलं, पाहुणे, एवढ्या घाईने कुठे? तर मला म्हणतात, वादळ येतंय, तू इथेच राहणार आहेस का? मी म्हटलं, हो. तर म्हणतात, बरं, तुझी ओळख झाली तेवढं बरं झालं!"

हे ऐकून सगळे घाबरले. लगेच वाळूवर सभा भरली. बगळ्याने पाय बदलला आणि घसा साफ केला.

"विषय गंभीर आहे," तो म्हणाला. "वादळ येणार, म्हणजे टेकडीवर जायचं. जायचं म्हणजे रांगेने जायचं. रांगेला पान हवं. पानाला मानकरी हवा. तर मानकरी कोण?"

"त्यात विचारायचं काय?" कोल्हा पुढे येऊन म्हणाला. "सूर्य मावळला की या किनाऱ्यावर पहिली हाळी कोणाची असते? माझी. माझ्या आधी माझ्या बापाची. पहिला आवाज ज्याचा, पहिला मान त्याचा."

"आवाज काय, दारही करतं, कुरकुर," घोरपड डोळे अर्धवट मिटून म्हणाली. "टेकडी चढायची आहे ना? मग चढणाऱ्याने पुढे व्हावं. आमच्या घराण्याने गड चढलेत, गड! लोक अजून नाव काढतात."

"ते तुझ्या घराण्याने. तू त्या खडकावरून या खडकावर जायला दुपार करतेस, आत्याबाई."

"मी ऊन खाते. तुझ्यासारखी दुसऱ्याचं उष्टं खात नाही."

असं म्हणून घोरपडीने सभेच्या मधे ठेवलेलं केवड्याचं पान तोंडात उचललं. कोल्हा लगेच म्हणाला, "बघा बघा, घराण्याचा मान हा असा हिसकावून घेतात होय?" आता याला उत्तर द्यायलाच हवं होतं. घोरपडीने "हिसकावलं कोणी?" म्हणायला तोंड उघडलं, आणि पान खाली पडलं. कोल्ह्याने ते झडप घालून उचललं. घोरपड म्हणाली, "आणि हे काय, उष्टं पान उचललंस शेवटी!" कोल्हा भडकला. "उष्टं कोणाला म्हणतेस?" म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि पान पुन्हा खाली.

मुलांनो, या मानाची हीच तर गंमत होती. तोंडात पान असेपर्यंत तुम्ही मानकरी, पण तोंडात पान असेपर्यंत तुम्हाला भांडता येत नाही. आणि त्या दोघांना मानाशिवाय एक वेळ राहता आलं असतं, भांडणाशिवाय नाही. पान वर जाई, खाली येई, वर जाई, खाली येई. शेवटी दोघांनी त्याची दोन टोकं दातांत धरली आणि दात आवळूनच भांडू लागली. कोण काय म्हणत होतं ते कोणालाच कळत नव्हतं, पण दोघंही आपापल्या बोलण्यावर ठाम होती.

इकडे वाऱ्याने सूर बदलला होता. सुरूची झाडं एका बाजूला कलली. समुद्राचा रंग भांडी धुतलेल्या पाण्यासारखा झाला.

सभेत सगळ्यांच्या मागे बसलेल्या खेकड्याने सगळा धीर गोळा केला. आपल्याला टेकडी चढायला सगळ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो, हे त्याला माहीत होतं. रांग उशिरा निघाली तर कोल्हा धावेल, बगळा उडेल, पण आपण वाटेतच राहू. तो शंखातून अर्धा बाहेर आला आणि म्हणाला, "मी... मी जरा आधी निघू का? मला वेळ लागतो."

"शेवटच्याने शेवटी बोलायचं," बगळा म्हणाला.

"पण शेवटी बोलायला मी असायला हवा ना?" खेकडा म्हणाला. मात्र हे तो शंखाच्या आत जाऊन म्हणाला, त्यामुळे कोणाला ऐकू गेलं नाही.

मग खेकड्याने एक ठरवलं. तो हळूच मागच्या मागे सरकला, सभेला वळसा घातला आणि एकटाच टेकडीच्या वाटेला लागला. वाटेत पाणमांजरिणीचं बीळ होतं. ती दाराशी बसली होती. दोन्ही पिल्लांची अंगं चाटूनपुसून तयार होती, जशी काही जत्रेलाच जायची होती.

"तू चाललास?" तिने विचारलं. "पानाच्या आधी? अरे, बाद करतील तुला."

"बाद होईन, पण असेन तरी," खेकडा म्हणाला. "ताई, तूही चल ना."

पाणमांजरिणीने मान हलवली. "मी एकटी असते तर आत्ता निघाले असते. माझ्या पोरांना इथेच वाढायचंय. उद्या म्हणतील, ही पानाच्या पुढे गेलेलीची पोरं. कोणी शेजारी बीळ करू देणार नाही त्यांना. निघेल रांग. आत्ता निघेल."

 खेकड्याला बोलणं सुचायला वेळ लागायचा. तो चार पावलं पुढे गेला, तेवढ्यात मागून धाकट्या पिल्लाचा आवाज आला.

"आई, पाणी बिळात आलंय."

"जरासं आलंय. वर सरक."

"वर सरकलोय. तिथेही आलंय. रांग कधी निघणार?"

खेकडा थांबला. तुम्हाला माहीत आहे, खेकड्याला पाय पुष्कळ असतात. त्यातले अर्धे पुढे जायला निघाले होते आणि अर्धे मागे. थोडा वेळ तो जागच्या जागी गोल फिरला. मग मागे जाणारे पाय जिंकले.

तो सभेच्या जागी परत आला तेव्हा सभा थोडा वेळ तहकूब झाली होती. कारण बगळ्याला मासा दिसला होता. कोल्ह्याचा जबडा दुखत होता आणि घोरपडीचे दात शिवशिवत होते. दोघंही दमून समोरासमोर बसली होती. मधे वाळूवर केवड्याचं पान पडलेलं होतं. पण दोघांपैकी एकाचीही नजर पानावर नव्हती. दोघंही एकमेकांवर डोळा ठेवून होती.

खेकडा पानाच्या खाली शिरला. केवड्याच्या पानाला दोन्ही कडांना काटे असतात. त्याने आपल्या मोठ्या नांगीत देठ धरला आणि ओढायला सुरुवात केली. पान त्याच्या कितीतरी पट लांब होतं. वरून पाहणाऱ्याला खेकडा दिसतच नव्हता. फक्त पान दिसत होतं, आणि ते वाळूवरून टेकडीकडे सरकत होतं.

सगळ्यात आधी ते कावळ्याने पाहिलं. "पान चाललं!" तो किंचाळला. "अरे, पान आपलं आपण चाललं! कौल झाला! कौल झाला!"

सगळे उठून उभे राहिले. बगळ्याने अर्धा मासा तसाच गिळला. "पान निघालं म्हणजे रांग निघाली," तो म्हणाला. "नियम आहे. चला."

कोल्हा पळत जाऊन पानाच्या बाजूला वाकला. "कौल कसला? खाली कोणीतरी आहे. कोण रे तू?"

"मी आहे," पानाखालून आवाज आला.

"हा? हा शेवटचा?" कोल्हा एक पाऊल मागे सरला.

"काढून घ्या ते त्याच्याकडून!" घोरपड मागून ओरडली.

"मी घेतो काढून."

"तू का? मी घेते!"

दोघांनी बगळ्याकडे पाहिलं. बगळ्याने क्षणभर डोळे मिटले. "चालतं पान फक्त मानकऱ्यानेच काढून घ्यायचं," तो म्हणाला. "आता मानकरी कोण, ते—"

"मी!" "मी!"

झालं, पुन्हा जुंपली. पण यावेळी एक फरक होता. पान थांबलेलं नव्हतं. ही दोघं उभी राहून भांडू लागली की पान पुढे सरके. भांडण सोडवत नव्हतं आणि पानही सोडवत नव्हतं. शेवटी ती दोघं चालता चालता भांडू लागली. त्यांच्यामागे बगळा निघाला. बगळ्यामागे वस्तीतले सगळे लहानमोठे निघाले. आणि पाणमांजरिणीने एक पिल्लू तोंडात धरलं, दुसऱ्याला पाठीवर चढवलं आणि ती रांगेत आली. तिच्या तोंडात पिल्लू होतं म्हणून तिला काही बोलता आलं नाही, पण पानाजवळून वळताना तिने शेपटी जरा हलवली.

आता नवीनच अडचण उभी राहिली. पान खेकड्याच्या चालीने चाललं होतं, आणि पानाच्या पुढे कोणी जायचं नव्हतं. त्यामुळे धावणारा कोल्हा, सरपटणारी घोरपड, उंच टांगांचा बगळा, सगळी वस्ती खेकड्याच्या चालीने चालली होती. एक पाऊल टाकायचं, मग थांबायचं. पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबायचं. आकाश काळं होत होतं. मागून लाट आली ती केवड्याच्या मुळांपर्यंत आली. पुढची लाट बगळ्याच्या पायाला लागली.

"मी काय म्हणतो," बगळा म्हणाला, "जरा भरभर चालता येईल का?"

"येत नाही हो," पानाखालून आवाज आला. "शंख मोठा आहे."

"मग शंख टाक!"

"मग मी राहू कशात?"

"आम्ही पुढे जातो," कोल्हा म्हणाला.

"बाद! बाद!" कावळा वरून ओरडला. त्याला बरेच दिवसांनी इतकी मजा येत होती. पण तेवढ्यात वाऱ्याचा असा झोत आला की तोही फांदीवरून निसटला आणि घोरपडीच्या शेपटीवर येऊन बसला. मग त्याची मजा संपली.

 धाकटं पिल्लू रडू लागलं.

खेकडा पानाखालून बाहेर आला. सगळी वस्ती आपल्याकडे पाहते आहे हे पाहून त्याला आत शिरावंसं वाटलं. अर्धा शिरलाही. मग पिल्लाचं रडणं ऐकून पुन्हा बाहेर आला आणि एका दमात बोलला, कारण दम संपला असता तर पुढचं बोलणं झालं नसतं.

"घोरपडआत्या, तुमचं घराणं गड चढणारं आहे असं सगळे म्हणतात. मला डोक्यावर घ्याल का? पान माझ्या नांगीत पुढे धरतो. म्हणजे पान सगळ्यांच्या पुढेच राहील आणि चाल तुमची होईल."

हे त्याने खुशामत म्हणून म्हटलं नव्हतं. त्याला घोरपडीचं चढणं खरोखरच आवडायचं. घोरपड त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या घराण्याचं कौतुक आजवर तिच्याशिवाय कोणीच केलं नव्हतं.

"ये," ती म्हणाली, आणि तिने डोकं वाळूला टेकवलं.

"म्हणजे मान तिचा!" कोल्हा उसळला.

"काका," खेकडा डोक्यावर चढता चढता म्हणाला, "पान आत्यांच्या डोळ्यांपुढे येणार, त्यांना वाट दिसायची नाही. एवढ्या वाऱ्यात आवाज फक्त तुमचाच ऐकू येईल. वाट तुम्ही सांगाल का?"

कोल्ह्याने बगळ्याकडे पाहिलं. "पानाच्या शेजारून चालायला बंदी नाही," बगळा घाईघाईने म्हणाला. त्याचे दोन्ही पाय आता पाण्यात होते.

आणि रांग सुटली! पुढे घोरपड, तिच्या डोक्यावर खेकडा, तिच्या डोळ्यांपुढे लोंबणारं केवड्याचं पान, आणि शेजारून धावत ओरडणारा कोल्हा.

"डावीकडे! अहो आत्याबाई, डावीकडे!"

"ही डावीच आहे!"

"ती उजवी! समोर दगड! चढा! आता वळा! वळा म्हणतो ना!"

"करवंदीच्या जाळीत घातलंस मला!"

"मी घातलं? गड चढणारं घराणं ना तुमचं? गडावर जाळी नव्हती का?"

"गडावर कोल्हे नव्हते!"

एवढं भांडण त्या दोघांनी जन्मात केलं नव्हतं, आणि एवढ्या वेगाने टेकडीही कोणी चढली नव्हती. मागून सगळी वस्ती धापा टाकत येत होती. कातळाच्या कपारीत सगळ्यांत शेवटी बगळा शिरला, आणि वादळ किनाऱ्यावर येऊन आदळलं.

ते किती भयंकर होतं हे मी सांगत नाही. तुम्हाला झोप लागायला हवी. एवढंच सांगतो की कपारीत सगळे एकमेकांना चिकटून बसले होते, कोणाच्या मानाने कोण कुठे बसलंय हे पाहायला जागाच नव्हती, आणि घोरपडीच्या अंगाखाली कोल्ह्याची शेपटी रात्रभर अडकली होती तरी तो काही बोलला नाही.

सकाळी वारा पडला. सगळ्यांनी कातळावरून खाली पाहिलं. वाळूवर सभा भरायची ती जागा पाण्याखाली होती. पाणमांजरिणीचं बीळ नव्हतं. घोरपडीचा खडक उलटा पडला होता. केवड्याच्या बनातली निम्मी झाडं आडवी झाली होती. 

मग कोल्ह्याने घसा साफ केला. "तसं पाहिलं तर," तो म्हणाला, "वाट मी दाखवली. मान माझाच झाला."

"डोकं माझं होतं," घोरपड म्हणाली.

"हा प्रश्न उतरताना पुन्हा येणार," बगळा म्हणाला. "तेव्हा आत्ताच ठरवून टाकू. पान कुठे आहे?"

सगळ्यांनी पान शोधलं. ते कपारीच्या कोपऱ्यात सापडलं. रात्री पाणमांजरिणीच्या पिल्लांनी ते मधोमध कुरतडून त्याच्या चिंध्या केल्या होत्या, चिंध्यांचं अंथरूण केलं होतं आणि दोघं त्यावर पाय वर करून गाढ झोपली होती.

बगळा त्या अंथरुणाकडे पुष्कळ वेळ पाहत राहिला. एक पाय खाली ठेवला, दुसरा उचलला, पुन्हा पहिला उचलला.

"नियमात यावर काही नाही," तो शेवटी म्हणाला.

मग सगळे आपापल्या चालीने, जमेल तसे, एकमेकांच्या पुढेमागे खाली उतरू लागले. खाली प्रत्येकाचं घर नव्याने करायचं होतं. पाणमांजरीण मात्र थोडी मागे राहिली. कपारीच्या तोंडाशी एक शंख पडला होता.

"काय रे, बरा आहेस ना?" तिने विचारलं.

शंख गप्प होता. पाणमांजरीण निघून गेली नाही. ती तिथेच बसली आणि थांबली. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "हो."

तात्पर्य : पाणी दारात आलं की पुढे कोणी चालायचं हे ठरवत बसू नये. जो निघाला त्याच्या मागे निघावं, आणि कोणीच निघत नसेल तर आपण लहान म्हणून थांबू नये.

गोष्ट इथे संपली, पण पोरं उठेनात. हिराजी तांडेलांची नात वैजू माझ्याकडे बघून म्हणाली, "काशाकाका, मग आपल्यात खेकडा कोण?"

मी देवळाच्या दाराकडे पाहिलं. आत सभेत मानाचं तेच भांडण चाललं होतं. गाव एकत्र कुठे निघालं की देवीचं निशाण पुढे चालतं, आणि निशाणाच्या पुढे आमच्याकडे कोणी जात नाही. निशाण धरणारे म्हातारबा गेल्या वर्षी वारले. हिराजी तांडेल म्हणत होते, आता मान आमचा. गोमाजी नाखवा म्हणत होते, आमचा. सभा उठली तेव्हाही दोघं तेच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून देवळात गेलो. देवीला हात जोडले, कोपऱ्यातलं निशाण खांद्यावर घेतलं आणि शाळेच्या वाटेला लागलो. माझे कान तापले होते.

"काशा! अरे काशा, ठेव ते खाली!" हिराजी तांडेल ओरडले.

"तुम्ही कोण त्याला ठेव सांगणारे? मी सांगतो! काशा, ठेव!" गोमाजी नाखवा ओरडले.

मागे घराघरांच्या कड्या लागल्याचे आवाज आले. कोणीतरी कोंबड्या टोपलीखाली झाकल्या, त्या आतून ओरडत होत्या. भांड्यांची गाठोडी खणखणत होती. आणि त्यात वैजूचा आवाज आला, "आजोबा, पुढे नका जाऊ! निशाणाच्या पुढे जायचं नसतं!"

भांडण चढावर माझ्या मागून येत होतं, आणि जवळ जवळ येत होतं. मी मागे वळून पाहिलं नाही. चाल मात्र थोडी वाढवली.